धमनीच्या अस्तराची तपासणी : बडोद्यातल्या एका पॅकेजचा हिशेब

रेसकोर्स भागातल्या एका खासगी डायग्नोस्टिक सेंटरने ‘धमन्यांच्या आतल्या अस्तराची संपूर्ण तपासणी’ असं पॅकेज काढलं आहे. त्यात चार गोष्टी येतात: मानेच्या धमन्यांचं कलर डॉपलर आणि भिंतीची जाडी, नाडीच्या लहरीचा वेग, घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर, आणि दंडाच्या धमनीची एफएमडी, म्हणजे रक्ताचा ओघ वाढवल्यावर धमनी किती रुंदावते त्याची मोजणी. नुसत्या मानेच्या डॉपलरला जे पडतात त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या मराठी घरांतली साठी ओलांडलेली मंडळी मुलांच्या आग्रहाने तिथे जाऊन येतात आणि जाडजूड रंगीत फाइल घेऊन परततात. त्या फाइलीत नेमकं काय मोजलंय आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते इथे पाहू. सेंटरचं नाव देत नाही, कारण यातल्या बऱ्याच खोडी त्या एका जागेच्या नाहीत, धंद्याच्या आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. मानेचं डॉपलर उत्तम. घोट्याचं गुणोत्तर स्वस्त आणि कामाचं. लहरीचा वेग ठीक, पण रिपोर्टमधली रेघ चुकीची. आणि जिच्या नावावर पॅकेज खपतं ती एफएमडी सगळ्यांत ढिसाळ. गंमत अशी की चौघींतली तीच एकटी खरोखर अस्तराला प्रश्न विचारते. बाकीच्या तिघी भिंतीशी किंवा भिंतीतल्या पोकळीशी बोलतात.

अस्तर म्हणजे एंडोथेलियम. धमनीच्या आत एकाच थराने, फरशी बसवावी तशा एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी, प्रवाहाच्या दिशेने लांबुळक्या. थराची जाडी ढोबळमानाने एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्ताकडच्या अंगावर साखर-प्रथिनांची मऊ लव असते, तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. आता सोनोग्राफीचा प्रोब १० मेगाहर्ट्झचा धरला तर शरीरात त्याच्या लहरीची लांबी ०.१५ मिलिमीटर भरते. लहरच अस्तरापेक्षा दीडशे पट मोठी. तेव्हा ‘सोनोग्राफीत अस्तर स्पष्ट दिसतं’ असं काउंटरवर कुणी सांगितलं तर हं म्हणावं आणि पुढे जावं. स्क्रीनवर दिसते ती इंटिमा (सगळ्यांत आतला थर) आणि मीडिया यांची जोडभिंत, आणि तिच्यात मोठा वाटा मीडियाचा, म्हणजे स्नायूंच्या थराचा असतो. अस्तर दिसत नाही. ते कामावर आहे का, एवढंच विचारता येतं.

काम कसलं, तर ओढ ओळखण्याचं. रक्त या पेशींना तीन प्रकारे छळतं. दाब बाहेरच्या दिशेने रेटतो: सरासरी १०० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. त्या दाबाने दर ठोक्याला धमनी फुगते, तरुण माणसाच्या मानेतली पाचेक ते दहा टक्के, आणि अस्तर गोलाकार ताणलं जातं. तिसरी गोष्ट, रक्त भिंतीला चाटून पुढे जाताना बसणारी ओढ. तंत्रज्ञ तिला शिअर म्हणतात. तिचा हिशेब सोपा आहे. रक्ताचा चिकटपणा ०.००३५ पास्कल-सेकंद, सरासरी वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर, धमनीचा व्यास ६ मिलिमीटर. आठ गुणिले चिकटपणा गुणिले वेग, भागिले व्यास. उत्तर १.२ पास्कलच्या आसपास येतं. दाबाच्या सुमारे अकरा हजाराव्या भागाएवढं! सूत्र प्वाझेय यांच्या सरळ नळीतल्या एकसारख्या प्रवाहाचं आहे, ठोके देणाऱ्या धमनीत ते ढोबळच बसतं, पण आकार कळायला पुरेसं आहे. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास निम्मा केला की ही ओढ आठपट होते, कारण ती व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

एवढीशी ओढ अस्तराला बरोबर कळते. पेशीच्या पडद्यातलं पिएझो-१ हे दारासारखं प्रथिन, पेशींच्या सांध्यावरची प्रथिनं आणि वरची लव, असे बरेच कान तिला आहेत. पिएझो प्रथिनं शोधल्याबद्दल आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ओढ वाढली की पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते, मागचा स्नायू सैल पडतो, धमनी रुंदावते आणि ओढ पुन्हा जागेवर येते. अस्तर काढून टाकलं तर ही सैल पडण्याची करामत बंद होते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवलं. त्या तुकड्यांची आतली बाजू हाताळताना घासली गेली की ॲसिटिलकोलीन हे एरवी धमनी सैल करणारं रसायन देऊनही तुकडा सैल होत नसे. १९९८ च्या नोबेलची मुळं त्या घासलेल्या तुकड्यांत आहेत.

जास्त ओढ वाईट की कमी, यावर एकेकाळी बराच वाद होता. डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांच्या महाधमनीत प्रवाह अरुंद करून दाखवलं की ओढ सुमारे ३८ पास्कलच्या वर गेली की अस्तर खरवडलं जातं. पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी उलट बोट दाखवलं: माणसात चरबीचा थर जिथे ओढ कमी, तिथे साठतो. १९८५ च्या सुमारास मानेतली धमनी जिथे दुभागते तिथे केलेल्या मोजण्यांनी कॅरोंच्या बाजूने पारडं झुकवलं, आणि वर एक भर घातली: कमी ओढ तर वाईटच, पण दर ठोक्याला दिशा बदलणारी ओढ आणखी वाईट. आज ढोबळ आकडे असे घेतले जातात: दीड पास्कलच्या वर अस्तर शांत, ०.४ च्या खाली बेचैन.

बडोद्याच्या माणसाला हे पटायला फार लांब जायला नको. विश्वामित्री जिथे वळते तिथे गाळ आतल्या कडेला बसतो, मुख्य धार बाहेरून निघून जाते. कामाटीबागेच्या पुलावरून पूर ओसरल्यावर बघा. मानेत मात्र जागा थोडी वेगळी आहे. सामाईक कॅरोटिड, म्हणजे मानेतली मुख्य धमनी, कंठाच्या वरच्या कडेच्या आसपास दोन फाट्यांत विभागते. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याची सुरुवात फुगीर असते, तिला बल्ब म्हणतात. जिथे फाटे फुटतात त्या दुभाजकावर धार आदळते, तिथे ओढ जास्त. समोरच्या, बाहेरच्या भिंतीपाशी धार सुटते, रक्त रेंगाळतं, क्षणभर मागेही वळतं. चरबी बसते ती तिथे. कोलेस्टेरॉल सगळ्या रक्तात सारखंच, पण थर ठरावीक कोपऱ्यांतच, याचं कारण हेच.

आता सेंटरकडे येऊ.

मानेचं डॉपलर इथे मनापासून करतात. उशी काढून घेतात, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी, मान तपासायच्या बाजूच्या उलट दिशेला साधारण ४५ अंश वळवलेली. तंत्रज्ञ गुजरातीत ‘काका, हलशो नहीं’ म्हणतो आणि खरोखर थांबतो. प्रोब दाबत नाही, जेलच्या गादीवर तरंगता ठेवतो. हे महत्त्वाचं, कारण बल्बमध्ये रक्तदाब ओळखणाऱ्या नसा असतात. जोरात दाबलं तर म्हाताऱ्या माणसाची नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. आडवं पाहून मग उभं, दोन्ही बाजू, वर-खाली पूर्ण. वेळ १५ ते २० मिनिटं. याहून कमी वेळात कुणी दोन्ही बाजू संपवत असेल तर शंका घ्यावी.

स्क्रीन तुमच्याकडे वळवलेली असते, हे चांगलं. लाल पट्ट्यात बल्बच्या बाहेरच्या कडेला एक निळा डाग ठोक्यागणिक उमटतो आणि विझतो. तोच मागे वळणारा प्रवाह. तरुण, निरोगी मानेत तो असायलाच हवा. एका रिपोर्टमध्ये त्याला ‘टर्ब्युलन्स’, म्हणजे खळबळ, म्हटलेलं पाहिलं. ते चूक आहे. रक्ताची घनता, वेग, व्यास आणि चिकटपणा यांवरून येणारा रेनॉल्ड्स आकडा इथे सरासरी ४५० च्या घरात असतो, ठोक्याच्या शिखरावरही दोन हजारांच्या आत. खळबळ नाही, नुसती सुटलेली धार आहे. उलट म्हाताऱ्या मानेत तो निळा डाग नाहीसा झालेला दिसला, तर फुगीर जागा थराने भरून सपाट झाली का, हे बघायला हवं. सेंटरच्या मुख्य रेडिओलॉजिस्टबाईंच्या सहीच्या रिपोर्टात ही चूक दिसत नाही, संध्याकाळच्या पाळीच्या रिपोर्टात दिसते. सकाळची वेळ घ्या.

वेग मोजताना कोनाकडे लक्ष हवं. डॉपलरचा आकडा कोनाच्या कोसाइनने भागून येतो, आणि कोन ६० अंशांच्या वर गेला की चूक भराभर वाढते. खरा कोन ६० असताना पडद्यावर ६५ लावला, तर वेग १८ टक्के फुगतो. सेकंदाला ११० सेंटिमीटरचे १३० होतात. आणि रेघ आहे १२५ वर: २००३ पासून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या निकषांत १२५ च्या आत पन्नास टक्क्यांहून कमी अरुंदपणा, १२५ ते २३० मध्ये ५० ते ६९ टक्के, त्याच्या वर ७० टक्के किंवा जास्त. म्हणजे पाच अंशांच्या हातचलाखीने माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात. इथे छापील चित्रांवर कोन ५८-६० दिसतो आणि त्याची रेघ भिंतीशी समांतर असते. हे चित्र फाइलीत असतंच, स्वतः बघून घ्या.

भिंतीच्या जाडीबद्दल. मोजायची जागा सामाईक कॅरोटिड, बल्बच्या खाली किमान ५ मिलिमीटर सोडून, पलीकडची भिंत, एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा, हृदय सैल पडलेलं असताना. अलीकडची भिंत मोजत नाहीत, कारण तिची कड मशीनच्या गेनवर (चित्र किती उजळ ठेवलंय त्यावर) जाडबारीक होते. इथे सॉफ्टवेअर आपोआप दोन रेघा आखतं आणि तंत्रज्ञ त्या हाताने दुरुस्त करतो. दुरुस्ती योग्यच, पण दोन भेटींत दोन माणसं असली तर अर्धा दशांश मिलिमीटर सहज इकडेतिकडे. सरासरी माणसाची भिंत वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास वाढते. मग ‘दरवर्षी या, तुलना करू’ हा सेंटरचा आग्रह कशासाठी? मोजण्याचा गोंधळच पाच वर्षांच्या वाढीएवढा आहे. गेल्या वर्षी ०.७८ आणि यंदा ०.७३ आली म्हणून एका घरी पेढे वाटल्याचं ऐकलं. वाटोत बापडे.

त्यापेक्षा थर सापडला का ते बघा. नियम असा: भिंत आजूबाजूपेक्षा आतल्या बाजूला अर्धा मिलिमीटर किंवा निम्म्याने उठली असेल, किंवा एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या वर असेल, तर तो थर, प्लाक. तो असला की सरासरी जाडीच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. रिपोर्टमध्ये थराची जागा, लांबी आणि पृष्ठभाग सपाट की खडबडीत, हे सगळं लिहितात. शहरातल्या बऱ्याच जागी एवढं मिळत नाही.

एक गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. काहीच तक्रार नसलेल्या माणसाने मानेचं डॉपलर उगाच करून घेऊ नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. भिंतीची जाडी नेहमीच्या धोका-मोजणीत धरू नये, हे तिकडच्या हृदयतज्ज्ञ संघटनांचं २०१३ पासूनचं मत आहे. आणि तक्रार असेल, म्हणजे एका डोळ्यासमोर अचानक पडदा आला, बोलणं काही मिनिटं अडखळलं, एक हात लुळा पडून परत आला, तर पॅकेजची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. सरळ सयाजी रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, तेही त्याच घडीला.

पुढची खोली पट्ट्यांची. दोन दंड, दोन घोटे, चारही पट्टे एकदम फुगतात. पाच मिनिटं पडून राहायला सांगतात, दहा हवीत, कारण लहरीचा वेग त्या क्षणीच्या रक्तदाबाबरोबर वर-खाली होतो. ठोक्याची लहर रक्ताच्या कितीतरी पुढे धावते. रक्त सेकंदाला पाव मीटर, लहर पाच-सात मीटर, कडक धमनीत दहा-बारा. भिंत जितकी ताठ तितका वेग जास्त, पण वर्गमुळाने: ताठरपणा दुप्पट झाला तर वेग दीडपटही होत नाही. ही भिंतीची तपासणी. अस्तराचा संबंध आहे, पण दूरच्या नात्याचा.

इथे दोन खोडी सापडल्या. मशीन दंड ते घोट्याचं अंतर टेपने मोजत नाही, उंचीवरून काढतं. नोंदणीच्या खिडकीवर उंची तोंडी विचारतात. कुणी १६२ ऐवजी १७२ सांगितली, तर अंतर पाचेक टक्के वाढतं आणि १७.४ चा वेग १८.३ होतो. ही पट्टेवाली पद्धत जपानात रुजली आणि १८ मीटर प्रतिसेकंद ही तिची रेघही तिकडचीच. चप्पल काढून भिंतीला उभे राहा आणि उंची मोजायला लावा. दुसरी खोड मोठी. फाइलीच्या मागच्या पानावर ‘१० च्या वर धोका’ असं छापलंय. ती रेघ मान ते जांघ या वेगळ्या मोजणीची, युरोपात वापरतात ती. दंड-घोट्याचा आकडा मुळातच तिच्यापेक्षा मोठा येतो, कारण त्यात पायाच्या ताठ धमन्या येतात. म्हणजे या सेंटरमध्ये जाणारा जवळपास प्रत्येक मध्यमवयीन माणूस मागच्या पानानुसार धोक्यात. घाबरून डॉक्टरांकडे धावण्याआधी पुढच्या पानावर कोणती पद्धत छापली आहे ते वाचा.

मान-जांघ पद्धतीतही पाय घसरायला जागा आहेच. तिथे टेपने मोजलेलं अंतर ०.८ ने गुणायचं असतं. ६० सेंटिमीटर अंतर, लहरीला लागलेला वेळ ५५ मिलिसेकंद: गुणलं तर ८.७, विसरलं तर १०.९. शहरात कुठे ही पद्धत मिळाली तर एवढं विचारा.

घोटा-दंड गुणोत्तर त्याच पट्ट्यांतून फुकटात निघतं आणि पॅकेजमधली सर्वांत कमी बोलबाल्याची, पण मधुमेही किंवा विडी ओढणाऱ्या माणसाला सर्वांत उपयोगी गोष्ट तीच. घोट्याचा वरचा दाब भागिले दोन्ही दंडांतला जो जास्त तो. ०.९० किंवा खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा. १.४० च्या वर गेलं तर आनंद नको, धमनी कॅल्शियमने इतकी कडक झाली की पट्ट्याला दाबता येईना. जुन्या मधुमेहात हे नेहमीचं. इथली मोजणी नीट आहे.

आणि आता एफएमडी. कल्पना देखणी आहे. हाताचा रक्तपुरवठा पाच मिनिटं अडवायचा. उपाशी राहिलेल्या खालच्या बारीक वाहिन्या पूर्ण उघडतात. पट्टा सोडला की रक्त धावत सुटतं, दंडाच्या धमनीत वेग पाच-सहापट, म्हणून ओढही तितकीच. अस्तर जागं असेल तर नायट्रिक ऑक्साइड सोडेल आणि धमनी रुंदावेल. किती टक्के रुंदावली, तोच आकडा. डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. निरोगी माणसात पाच ते दहा टक्के म्हणजे बरं.

पण ४ मिलिमीटरच्या धमनीत पाच टक्के म्हणजे ०.२ मिलिमीटर! स्क्रीनवर ४ सेंटिमीटर खोली ६०० ओळींत दाखवली तर एक ओळ ०.०६७ मिलिमीटरची. सगळा खेळ तीन ओळींचा. म्हणूनच ही तपासणी संशोधनाच्या खोलीत प्रोबला स्टँडवर जखडून, ईसीजी जोडून, सलग चित्रण करून, कडा सॉफ्टवेअरने ओळखून करतात. इथे प्रोब हातात असतो. धमनीचा उभा काप घेताना प्रोब मधल्या रेषेपासून अर्धा मिलिमीटर सरकला, तर व्यासाऐवजी जीवा मोजली जाते: ४ ऐवजी ३.८७, म्हणजे तीन टक्के कमी. एक मिलिमीटर सरकला तर ३.४६, साडेतेरा टक्के कमी. आधीचं चित्र जरा तिरपं आणि नंतरचं मधोमध पडलं, की मेलेलं अस्तरही ठणठणीत. उलटं झालं, की ठणठणीत माणूस रुग्ण. चित्र मधोमध आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. वरच्या आणि खालच्या दोन्ही भिंतींवर अस्तराच्या बाजूची बारीक चकचकीत रेघ एकाच वेळी दिसायला हवी. एकच दिसत असेल तर चित्र तिरपं.

दुसरं, पट्टा. आज मान्य असलेली पद्धत अशी: पट्टा कोपराच्या खाली, पुढच्या हातावर; प्रोब कोपराच्या वर; दाब तुमच्या वरच्या रक्तदाबापेक्षा किमान ५० जास्त; वेळ मोजून ५ मिनिटं. सेंटरमध्ये पट्टा दंडावर बांधतात. तसं केलं की मोजायची धमनीच उपाशी पडते आणि आकडा मोठा येतो, पण त्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा कमी आणि इतर रसायनांचा जास्त. म्हणजे आकडा खूश करणारा, पण प्रश्न भलताच. गर्दीच्या वेळी पाच मिनिटांची चार होतात, हेही भिंतीवरच्या घड्याळावर कुणालाही दिसतं. मग सुटकेनंतर ६० व्या सेकंदाला एकच चित्र गोठवतात. प्रत्येकाचं शिखर ६० व्या सेकंदालाच येत नाही, कुणाचं ४०, कुणाचं ९०. किमान तीन मिनिटं सलग चित्रण हवं.

शेवटी रिपोर्टवर ६.२५ टक्के असा दोन दशांशांचा आकडा येतो. ४.०० चे ४.२५ झाले म्हणून ६.२५. एक ओळ खाली-वर झाली तर तोच आकडा ४.६ किंवा ७.९. दशांश छापायला पैसे लागत नाहीत!

तयारीबद्दलही फोनवर फक्त ‘उपाशी या’ एवढंच सांगतात, आणि तेही रक्ततपासणीसाठी. एफएमडीला किमान सहा तास पोट रिकामं हवं, चहा-कॉफी नको, तंबाखू-सिगारेट नको, आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम नको. सेव-उसळ खाऊन गेलात तर विसराच. तेलकट जेवणाने अस्तराचं हे उत्तर चारेक तास मंदावतं, हे १९९७ मध्येच दिसून आलं. खोलीचं तापमान २२ ते २४ अंश. मे महिन्यात रस्त्यावरच्या ४२ अंशांतून आत आल्याआल्या १८ वर लावलेल्या एसीखाली झोपवलं, तर धमनी थंडीनेच आखडते. चादर मागा आणि पंधरा-वीस मिनिटं पडून राहा. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. कोणत्या घेता ते फॉर्मवर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.

पूर्ण पद्धतीत शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन स्नायू मुळात सैल होतो का, हेही बघतात. ते जमलं नाही तर दोष अस्तराचा नाही, स्नायूचा. इथे ते करत नाहीत, आणि एका अर्थी बरंच आहे. रक्तदाब आधीच कमी असलेल्याला किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेल्याला ते धोक्याचं ठरतं, आणि खोलीत डॉक्टर हजर नसतो.

या सगळ्यावर कडी म्हणजे पहिल्या पानावरचं ‘तुमच्या रक्तवाहिन्यांचं वय’. मोठ्या अक्षरात, हिरव्या किंवा लाल चौकटीत. जाडी, वेग आणि एफएमडी यांतून ते कसं काढलं, हे विचारलं तर ‘सॉफ्टवेअर काढतं’ एवढं उत्तर मिळतं. ज्या आकड्यात एक घटक तीन ओळींच्या खेळातून आलाय, त्याच्यावरून वय काढणं म्हणजे पत्रिकाच की.

स्वच्छता, बसायची सोय, वेळेची शिस्त चांगली आहे. लिफ्ट लहान, स्ट्रेचर मावत नाही. पार्किंग सकाळी नऊच्या आत मिळतं. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी सहानंतर, आणि काउंटरवरच्या ताई मराठीत समजावून सांगतात.

पैसे कुठे घालायचे? डॉक्टरांनी मानेचं डॉपलर लिहून दिलं असेल तर ते इथेच करा, पॅकेजविना, आणि सकाळच्या पाळीत. सोबत घोटा-दंड गुणोत्तर वेगळं करून मागा. काउंटरवर आधी नाही म्हणतात, मग करून देतात. एफएमडी घ्यायचीच असेल तर पट्टा कोपराखाली, पाच मिनिटं पूर्ण आणि तीन मिनिटांचं चित्रण, एवढं लेखी मागून घ्या. तयार नसतील तर ती ओळ बिलातून काढायला लावा. फाइलीबरोबर सीडी देतात, तिच्यात फक्त गोठवलेली चित्रं असतात. बल्बचा तो निळा डाग गोठवलेल्या चित्रात कळत नाही, त्याला हलतं चित्रण लागतं. तपासणी चालू असतानाच सांगितलं तर ते पेनड्राइव्हवर देतात. दुसऱ्या दिवशी गेलात तर मशीनमधून पुसलेलं असतं.